ईशान्येची माती

हॅलो? … हां आई, चित्राच बोलतेय… हो, नव्या घराच्या मागच्या अंगणात उभी आहे… हो, ईशान्येचीच काढली. मूठभर. बर्फ जाऊन आठवडा झाला, जमीन आत्ता कुठे मऊ झालीय. तांब्या आणायचा राहिला, टिफिनच्या डब्यात ठेवलीय… धुतलेला आहे आई, डबा धुतलेला आहे.

नाही, निमिष नाही इथे. तो एजंटच्या ऑफिसात गेलाय सही करायला… अकराच्या आत, हो. मुहूर्त लक्षात आहे तुमच्या मुलाच्या. चांगलाच लक्षात आहे.

आई, एक मिनिट ऐका ना… नको, व्हिडिओ नको. आधी ऐका. मातीला वास येतोय.

नाही हो, शेणखत नाही. इथे कॅनडात, किचनरमध्ये कोण टाकणार शेणखत… रॉकेलसारखा. डब्याला झाकण लावलं तरी हाताला येतोय… ग्लव्ह्ज काढून ठेवले होते. पूजेची माती म्हणून हातानेच काढली.

हो, तीच जागा. कोपऱ्यात गवत उगवत नाही ना, तीच… एजंट म्हणाला होता, तुळशीला जागा तयारच आहे. आपण सगळे खूश. मीपण.

तो पाइप आठवतो? जमिनीतून वर आलेला, व्हिडिओत दाखवला होता… हां, तुम्ही म्हणालात पणती ठेवायला बरा आहे, तोच. आई, तो तेलाच्या टाकीचा असणार… अहो, पूर्वी इथे घरं तेलावर तापवायचे. टाकी अंगणात पुरायचे. मग गॅस आला, टाकी राहिली खालीच. गंजते, गळते… कोण सांगणार आपल्याला? विकणाऱ्याला विकायचंय.

नाही, उगाच घाबरत नाहीये मी. ऑफिसातली रश्मी, विंडसरला घर घेतलं तिने… तिच्याकडे हेच निघालं. अख्खं अंगण खणलं. ट्रकच्या ट्रक माती नेली. शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये वास गेला, तेही तिच्याच गळ्यात. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले… सही केली की जमिनीत जे असेल ते आपलं, आई.

सांगितलं ना त्याला. आत्ताच, फोनवर… म्हणाला, जुन्या घराला वास येतोच… करता येते ना टेस्ट. लॅबला पाठवायची माती. आपल्या ऑफरमध्ये तशी कंडिशनपण आहे, आधी टेस्ट आणि मग काय ते ठरवू अशी. आज तीच काढून टाकायला गेलाय तो… का म्हणजे? रिपोर्ट यायला आठवडा लागतो. तोवर मुहूर्त जाईल. आईने गुरुजींकडून काढून घेतलाय, चुकवायचा नाही, म्हणतो. त्यापुढे माझं काही चालत नाही.

तुम्हाला नाही हो बोलत… नाही, खरंच नाही.





मला भीती वाटतेय, आई. स्पष्टच सांगते. बाबांनी हौसेने घेतलेला कोथरूडचा फ्लॅट तुम्ही विकलात, त्यावर घेतोय आपण हे. ते सगळं या टाकीपायी जायला नको.

काय? … गुरुजींनी? त्यांनी काय केलं? … भारताची वेळ धरली? म्हणजे मुहूर्तच चुकीचा निघाला? … पण तुम्हीच म्हणाला होतात, कॅनडाची धरून काढलाय. दोनदा विचारून घेतलंत…

… अच्छा.

म्हणजे गुरुजी काहीच म्हणाले नाहीत.

आई, तुम्ही निमिषला खोटं सांगणार? मुहूर्ताबद्दल? … अहो, चतुर्थीला चुकून बिस्किट खाल्लंत तर दिवसभर हळहळता तुम्ही…

नाही, हसत नाहीये… रडतही नाहीये. थंडी आहे, नाक गळतंय.

हो, तुमचं ऐकेल. माझं नाही, मातीचं नाही, मुहूर्ताचं ऐकेल… पण रिपोर्ट वाईट आला तर हे घर गेलं, आई. पुन्हा शोधायचं. तुमचं इथे राहायला येणं लांबणार, तोवर तुम्ही तिकडे शीलामावशींकडेच, हॉलमधल्या दिवाणावर… मावशी बोलत नाहीत, पण त्यांची सून… मला सांगितलं होतंत तुम्ही. निमिषला नाही सांगितलंत, मला सांगितलंत.

बरं. नाही काढत तो विषय.

माती? … नाही, देवापुढे नाही ठेवत. परतही नाही टाकत, लॅबला लागेल… हो, हात धुते. साबणाने. दोनदा… आई, वेळ होत आली. पेन हातात घेतलं असेल त्याने. लावा ना त्याला फोन.

देवाला काय सांगाल? … बरं. त्याचं मग बघा. आधी निमिषला… ठेवते मी.