सहाचा भोंगा

ग्वेन : नाही, वर येऊन बसणार नाही मी. जे बोलायचंय ते इथेच बोलायचंय, तुमच्या या टेबलावरच्या गावासमोर.

लॉयड : बस तरी. सेंट लुईहून एवढी गाडी हाकत आलीस ती काय उभ्याने भांडायला?

ग्वेन : हो. उभ्यानेच.

लॉयड : मग आधी तू मला सांग, काल तुझ्या नवऱ्याला झालं काय? चांगला हसतखेळत होता. डेलिया माझ्या मांडीवर. एकाएकी उठला, पोरीला उचललं आणि तडक जिना चढून गाडीत जाऊन बसला. तुझ्या व्हर्नाआत्याने एवढा पीचचा केक केलेला, सुरीसुद्धा लागली नाही त्याला.

ग्वेन : केकचं राहू द्या. तुम्हाला खरंच कळलं नाही?

लॉयड : कळलं असतं तर रात्रभर छताकडे बघत पडलो असतो का? जावई माणूस, न बोलता निघून जातो. मी काय शिवी दिली त्याला?

ग्वेन : बाबा, टेरेन्सने एकच निरोप दिलाय. काल तुम्ही वाजवलात तो भोंगा कशासाठी होता, हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय डेलिया या घरात पाऊल ठेवणार नाही. आणि त्याचं म्हणणं तेच माझंही.

लॉयड : भोंगा? खेळण्यातल्या भोंग्यावरून एवढं रामायण?

(तळघर. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेल्या टेबलावर, खेळण्यातल्या आगगाडीभोवती, लॉयडने तीसेक वर्षं खपून वसवलेलं गाव: पूल, बँक, बेकरी, चर्च, पाण्याची टाकी, आणि नखाएवढी माणसं.)

ग्वेन : भोंग्याकडे येऊच. आधी ही तीन माणसं बघा. स्टेशनवरची.

लॉयड : बघायची काय, मीच केलीत. महिनाभर भिंगाखाली डोळे फोडले. दुकानात मिळतात ती सगळी गोरीच मिळतात. टेरेन्सचा रंग जमेना म्हणून चारदा पुसला. तुझा तो निळा कोट. पोरीच्या दोन्ही वेण्या. आता हात थरथरतो माझा, तरी वेण्या बघ कशा आल्यात.

ग्वेन : वेण्या सुंदर आल्यात.

लॉयड : मग?

ग्वेन : मग आम्ही फलाटावर का? हातात बॅगा घेऊन?

लॉयड : आलात ना गाडीने. भेटायला.

ग्वेन : डेलियानेही तेच विचारलं. आजोबा, यात आमचं घर कुठलं? आठवतंय काय म्हणालात?

लॉयड : म्हणालो, तुम्ही पाहुणे, बाळा. खोटं आहे का? राहता कुठे तुम्ही?

ग्वेन : डग कुठे राहतो?

लॉयड : तुझा भाऊ अलास्कात राहतो, हे मला विचारायला आलीस?

ग्वेन : अलास्कात. आणि हे बघा, मेपल रस्त्याच्या टोकाला त्याचं घर. अंगणात झोका. वर्ष वर्ष फोन करत नाही तो तुम्हाला, पण झोका आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली, ती व्हरांड्यात वाटाणे सोलत बसलीय. मेलेल्याला घर आहे, गाव टाकून गेलेल्याला घर आहे.

लॉयड : डग या गावात जन्मला.

ग्वेन : आणि मी? मला वाटेत सापडलेली उचलून आणलीत? आईशेजारी लाल सायकल घेऊन एक पोरगी उभी असायची, ती कुठे गेली, बाबा? माझ्या लग्नापर्यंत होती ती. मी बघितलीय. लग्न झालं आणि तिला तिथून उचललंत. आता कुठे आठवण झाली, तर नेऊन ठेवलीत फलाटावर.

लॉयड : तू मुद्दाम वाकड्यात शिरतेयस. मी कधी बोललो तुझ्या लग्नाला? चर्चमध्ये तुझा हात धरून चालत आणलं मी तुला. गावातली निम्मी तोंडं वाकडी झाली होती तेव्हा.

ग्वेन : आणलंत. ते मी विसरलेली नाही, म्हणून तर आज एकटी आले. नाहीतर आलेच नसते.

लॉयड : उपकार झाले.

ग्वेन : टोमणे मारू नका.

लॉयड : मारणार. माझ्या घरात उभी राहून माझी झडती घेतेस, मी काय आरती करू तुझी? वर जा आणि खरं टॉलिव्हर बघून ये एकदा. बँकेला फळ्या ठोकल्यात. सिनेमाचं छप्पर आत कोसळलंय. जिथे मी तुझ्या आईला पहिलं आइस्क्रीम खाऊ घातलं तिथे आता जुन्या टायरचा ढीग आहे. एक माणूस रस्त्यावर दिसत नाही, दिसला तर झिंगलेला दिसतो. अमेरिकेत राहण्यासारखं गाव म्हणजे कसं, ते कुणीतरी लक्षात ठेवायला नको? दाराला कुलूप नाही. खाटीक नावाने हाक मारतो. आजारी पडलात तर शेजारीण सूप घेऊन हजर. मी ते जपलं. माझं तळघर, माझा डिंक, माझा वेळ. कुणाच्या ताटातलं ओढून घेतलं?

ग्वेन : टेरेन्स तेवढंही गिळून बसला होता. फलाटही गिळला त्याने. मला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे म्हणून. त्याला सवय आहे. मग तुम्ही दिवे मंद केलेत.

लॉयड : संध्याकाळ दाखवायला. पोरांना आवडते. आधी आभाळ तांबडं होतं, मग घराघरांत दिवे लागतात.

ग्वेन : आणि डेलियाला म्हणालात, आता हे बटण दाब.

लॉयड : दाबलं तिने. टाळ्या पिटल्या. टाकीवरचा भोंगा अगदी हुबेहूब जमलाय म्हणून मी... ग्वेन, तो सहाचा भोंगा आहे. जेवणाचा. आम्ही नदीवर असायचो, तो वाजला की सगळी पोरं घराकडे धूम ठोकायची. माझ्या बालपणाचा आवाज आहे तो.

ग्वेन : पोरांसाठी होता.

लॉयड : पोरांसाठीच.

ग्वेन : टेरेन्सचे आजोबा गिलाव्याचं काम करायचे. अशाच गावांमधून. दिवसा बोलावायचे त्यांना, भिंती चांगल्या करायचे ना. भिंत अर्धी झालेली असो, माल ओला असो, भोंगा वाजला की थापी तिथेच टाकायची आणि हद्दीबाहेर पळायचं. अंधार पडल्यावर गावात काळा माणूस दिसला तर काय करायचे, ते सांगू तुम्हाला?

लॉयड : ती गावं वेगळी. खाली दक्षिणेला असेल तसलं काही.

ग्वेन : टॉलिव्हरमध्ये नव्हतं?

लॉयड : मी लहान होतो. माझ्या कानावर कधी आलं नाही.

व्हर्ना : लॉयड, खोटंच बोलायचं तर जिन्याचं दार तरी लावून बोलावं माणसाने.

लॉयड : तू कशाला उतरलीस? गुडघ्यांचं काय?

व्हर्ना : गुडघे गेले, कान आहेत. बसते इथेच पायरीवर. ग्वेन, मला धरू नकोस, जमतंय.

ग्वेन : आत्या, तुम्ही तरी सांगा यांना.

व्हर्ना : काय सांगू? त्याला ठाऊक नसतं तर सांगितलं असतं. जेवणाचा होता हेही खरं. इकडे आई चुलीवरून बटाटे उतरवायची आणि तिकडे भोंगा व्हायचा. पण आमच्या बटाट्यांसाठी कुणी टाकीवर चढून भोंगा बसवला नव्हता.

लॉयड : व्हर्ना, वर जा.

व्हर्ना : चढायला मला अर्धा तास लागेल. तोवर ऐकू तर येणारच.

ग्वेन : बाबा, या गावातल्या पाट्या आजोबांच्या आहेत ना?

लॉयड : सगळ्या. बेकरी, न्हावी, बियाण्याचं दुकान, सगळ्या त्यांच्याच. जुने फोटो समोर ठेवून एकेक अक्षर गिरवलं मी. माझ्या बापासारखा पाट्या रंगवणारा या भागात दुसरा झाला नाही. ओळ आखायचे नाहीत, ब्रश टेकवला की सरळ.

ग्वेन : आणि पुलावरच्या?

लॉयड : ती काय. 'टॉलिव्हरमध्ये आपलं स्वागत.'

ग्वेन : मी पाट्या म्हणतेय. एक नाही.

लॉयड : एकच होती.

व्हर्ना : दोन होत्या. खालची लहान होती, पांढऱ्यावर काळी. दर वसंतात बाबा शिडी घेऊन जायचे आणि उजळून यायचे. मग चर्चमध्ये लोक सांगायचे, काय ठसठशीत झालीय म्हणून.

लॉयड : पुरे.

ग्वेन : काय लिहिलं होतं तिच्यावर?

लॉयड : मला आठवत नाही.

ग्वेन : न्हाव्याच्या काचेला कुठल्या कोपऱ्यात तडा होता ते तुम्हाला आठवतं. बेकरीच्या मांजराचा रंग आठवतो. इकडे या. पुलावरच्या या खांबावर बोट फिरवा. हे काय लागतंय हाताला?

लॉयड : पुट्टी.

ग्वेन : कशाची?

लॉयड : भोकं पडली होती. दोन. बुजवली.

ग्वेन : पडली? तुमच्या हातून? तीस वर्षांत तुमच्या हातून या गावात एक ओरखडा पडला नाही, आणि खांबाला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली?

लॉयड : पाडली. ऐकलंस? पाडली मी. पाटी करायला घेतली होती. पांढरा रंगही दिला होता. आणि मग ब्रश हातात घेऊन बसलो या स्टुलावर, आणि नाही लिहवलं मला. काय करायला हवं होतं मी, लिहायला हवं होतं? माझ्या बापाच्या वळणात? तो वाईट माणूस नव्हता, ग्वेन. आमच्यावर कधी हात उगारला नाही त्याने. गावकारभाऱ्यांनी सांगितलं, याने लिहिलं, घरात पीठ आलं. तू त्याला राक्षस ठरवून मोकळी होणार, आणि मी त्याचा मुलगा.

ग्वेन : मी आजोबांना काहीही ठरवत नाहीये. ते मेले. तुम्ही जिवंत आहात. तुम्ही पाटी गाळलीत आणि भोंगा ठेवलात. लिहायची लाज वाटली, वाजवायची वाटली नाही. आणि वाजवायला बोट वापरलंत माझ्या मुलीचं.

लॉयड : माझ्या डोक्यात तसं नव्हतं.

ग्वेन : ठाऊक आहे मला. त्याचाच तर राग येतो. वाईट मनाने केलं असतंत तर मी तुमचं तोंड बघणं सोडलं असतं आणि सुखाने झोपले असते. तुम्ही प्रेमाने केलंत. वेण्या रंगवल्यात आणि मग भोंगा वाजवलात.

व्हर्ना : सांग तिला, लॉयड. काय होतं लिहिलेलं ते. मी बाईमाणूस, माझ्या तोंडून तो शब्द कधी गेला नाही. पण तू वाचायचास मोठ्याने. आगगाडीतून येताना, लक्षात आहे?

लॉयड : 'काळ्या माणसा, या गावात तुझ्यावर सूर्य मावळू देऊ नकोस.' असं होतं. 'काळ्या माणसा' असं नव्हतं. तिथे दुसरा शब्द होता.

ग्वेन : आणि भोंगा?

लॉयड : भोंगा त्यासाठीच. झालं समाधान? दे ती पक्कड इकडे. टाकीच उपटतो मुळापासून.

ग्वेन : हात लावू नका टाकीला.

लॉयड : आता हेही नको? मग हवंय काय तुला?

ग्वेन : टाकी उपटलीत की तुमचं गाव पुन्हा स्वच्छ. कुलूप नाही, सूप आहे, आणि आता भोंगाही नाही. म्हणजे कधी नव्हताच. परवा डेलियाने विचारलं तर म्हणाल, कसला भोंगा, बाळा? नाही. राहू दे तो. मला जे हवंय ते मी आल्या आल्या सांगितलं.

लॉयड : टेरेन्सशी बोलायचं.

ग्वेन : त्याच्याशी.

लॉयड : माझ्यापेक्षा तीस-चाळीस वर्षांनी लहान आहे तो.

व्हर्ना : म्हणून काय त्याने वाट बघायची, तू लहान होईपर्यंत?

लॉयड : व्हर्ना, तू केक काप जा.

व्हर्ना : केक शिळा झाला. कालच कापायचा होता.

लॉयड : ग्वेन, आणि मी बोललो, आणि त्याने ऐकून फोन ठेवून दिला तर?

ग्वेन : तर ठेवील. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून करायचा नाहीये तो फोन.

लॉयड : सुरुवात कुठून करू?

ग्वेन : पाटीपासून.

लॉयड : बापाचं नाव घ्यावं लागेल.

ग्वेन : घ्यावं लागेल.

लॉयड : लाव फोन. थांब. लावू नकोस एवढ्यात. डेलिया काय म्हणते? तिला काही कळलं नसेल ना? खेळ वाटला असेल तिला.

ग्वेन : गाडीत बसल्यावर तिने टेरेन्सला विचारलं. बाबा, भोंगा वाजला म्हणून आपण निघालो का?

लॉयड : मग? काय म्हणाला तो?

ग्वेन : गाडी चालवत राहिला. पूल मागे पडेपर्यंत.