लाल सीरम आणि माझी चोपन्न वर्षं

—नाही हो बू, डाग नाही पडत! रंगच लाल आहे त्याचा. दोन थेंब घ्यायचे, चोळायचे, गायब. ॲस्टाझँथिन — जीभ अडखळते ना? माझी महिनाभर अडखळत होती. एका शेवाळातून काढतात. ॲण्टिऑक्सिडंट म्हणजे — लोखंडाला गंज चढतो ना, तसं उन्हानं कातडीचं होतं, ते हे थोपवतं. नवीनच आलंय. बरं, माझं वय ओळखा. ओळखा की! पंचेचाळीस? इश्श, तीन वर्षं जास्तच लावलीत — म्हणजे, नऊ कमी! चोपन्न मी, चोपन्न!

असं काय बघताय? कधीपासून लावते? दोन वर्षं... हां, बाटली बाजारात येऊन दोनच महिने झालेत, पण — बरं, हळू बोला, सुपरवायझरबाई तिथंच आहेत. बेचाळीस. झालं समाधान? त्यांनीच शिकवलंय हो. चोपन्न म्हटलं की बाटली खपते, बेचाळीसला कोण ढुंकून बघतंय? गिऱ्हाइकाला खरं सांगितलंस तर उद्यापासून येऊ नकोस, म्हणाल्यात. कुणाचं काय बिघडतं? — माझं बिघडलं ना! समोर चष्म्याचं दुकान दिसतंय? तिथले हांदोको. माझं ‘चोपन्न, चोपन्न’ दिवसभर तिथवर ऐकू जातं. सत्तेचाळीसचे, बायको जाऊन सहा वर्षं झाली, — मी कशाला चौकशी करतेय, कानावर येतंच. रोज दुपारी माझ्यासाठी लुंपिया, ते तळलेले रोल, आणतात, आणि म्हणतात काय? ‘घ्या बू, गरम आहेत.’ बू! आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं! तुम्हाला म्हणावं ते ठीक आहे, मी पाच वर्षांनी धाकटी त्यांच्याहून! ‘दिक’ म्हणायला हवं — धाकटीला म्हणतात ते, नवरा बायकोला म्हणतो तसं. शिवाय वाकून, दोन्ही हातांनी देतात. जळला तो मान! आणि परवा तर कहरच — ‘बू, माझे काका एकटेच असतात, तुमच्याच वयाचे. शनिवारी भेटायला आणतो.’ हसा, हसा!

आज शनिवारच आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आवडतात हो मला, काय करू? — अगं बाई, आलेच! काका पण आहेत, नवा बाटिकचा शर्ट घालून. आणि तुम्ही पैसे काढलेत? थांबा — पर्समध्येच ठेवा ते. अहो हांदोको! या इकडे, काकांना बसू द्या तिथंच. मी बेचाळीस वर्षांची आहे. हो, बेचाळीस! ऐकू देत सुपरवायझरबाई! — आणि बू, तुम्ही काय अजून उभ्या? निघा ना. हांदोको काहीतरी म्हणताहेत — ‘बू’ की ‘दिक’? — आणि तुमच्या हसण्यात मला ऐकू येईना.