साहेबांचं स्वतःचं वाक्य

नाही नाही, थांब — ते 'सन्माननीय व्यासपीठ' आधी खोड. कसला मान द्यायला चाललीस त्यांना? चार वाजता कारखान्याची सभा, आत्ता दीड वाजलाय, आणि तुझं पहिलं पान नुसतं नमस्कारातच संपलंय. बस नीट. ती भाजीची परात सरकव तिकडे. आता सांग, सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करतेस? — बहिणीची वेणी? मग झालं की! तिथूनच सुरू कर. 'मी रोज सकाळी माझ्या थोरल्या बहिणीची वेणी घालते, कारण साबणाच्या वड्या कापायच्या मशीनने तिची तीन बोटं नेली.' एवढं बोलायचं आणि थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. रडायचं मात्र नाही हं — तू रडलीस की ते तुला पाणी देणार, आणि पाणी दिलं की सुटले ते.

मग मुद्दा. एकच. तू सात लिहून आणलेस — पंखे, कँटीनचा चहा, मुकादमाच्या शिव्या — काट मार सगळ्यांवर. मशीनची बोटं वाचवणारी जाळी साहेबांनी काढायला लावली, बस. पण नुसतं म्हटलंस तर कोण ऐकेल? मुद्द्याला टेकू लागतात बाई. एक जिवंत माणूस, एक कागद, एक आकडा. माणूस म्हणजे तुझी बहीण. कागद आणि आकडा मी देते. आणि कागद वाचण्याआधी सांगायचं तो कुणाचा, कुठल्या तारखेचा — नाहीतर अर्धी माणसं तेच एकमेकांना विचारत बसतात आणि तुझं वाक्य वाया जातं.

मला कुठून माहीत? अगं, एकोणीस वर्षं त्या माणसाचं प्रत्येक भाषण मी लिहिलं! पगारपत्रक टायपिस्टचं, पण साबणाच्या कारखान्याचा मालक तोंडातून काढेल तो शब्द माझा. कुठे थांबायचं तिथे मी लाल रेघ मारायची, कुठे हसायचं तिथे हिरवी. लोक म्हणायचे, साहेबांच्या जिभेवर सरस्वती आहे. सरस्वती मागच्या खोलीत पंख्याविना बसलेली असायची! मला बोलता येत नाही चारचौघांत — जीभ अडते, पहिल्यापासून. इथे स्वयंपाकघरात नाही अडत, बघ. तर कारखान्याला पंचवीस वर्षं झाली त्या समारंभात कुणीतरी म्हणालं, बाईंनाही दोन शब्द बोलू द्या. मी उठलेही. पदर सारखा केला. आणि साहेब माइकवर म्हणाले, 'बाईंना बोलायला लावू नका, जेवण गार होईल.' चारशे माणसं हसली. मीही हसले — काय करणार? एकोणीस वर्षांत त्या माणसाने स्वतःच्या डोक्याने रचलेलं ते एकच वाक्य. महिन्याभरात मला घरी बसवलं. तेव्हापासून दातओठ खात बसलेय मी इथे, तुझ्यासारखं कुणी येईल म्हणून.

हे घे. जाळी काढायच्या हुकमाची कार्बन कॉपी, खाली साहेबांची सही. 'काम संथ होते, सबब जाळी काढावी.' आणि हा आकडा — गेल्या सभेत साहेब छातीठोकपणे म्हणाले ना, चार वर्षांत एकही अपघात नाही? ही खरी यादी. तुझ्या बहिणीच्या आधीचे सहा. तारखा आहेत, कुणाचं काय गेलं तेही आहे. हे वाचलंस की त्यांच्या तोंडचं पाणी पळेल, आणि मग —

अशी काय बघतेस? हो, सहा. हो, मला ठाऊक होतं. ते 'एकही अपघात नाही'सुद्धा… मीच लिहिलं, घरी बसवायच्या आधीचं माझ्या हातचं शेवटचं भाषण ते. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. वाक्य चांगलं होतं, टाळ्या पडल्या. मग काय करायला हवं होतं मी? नोकरी होती माझी. जीभ अडते, सांगितलं ना — हात नव्हता अडत, हे खरंय… पाणी हवं का तुला?

काय लिहितेस? दाखव. दाखव इकडे. 'ही यादी जिने चार वर्षं दडवून ठेवली ती बाई…' खोड ते. मी तुला घरात घेतलं, कागद दिले, शिकवलं — खोड म्हणते ना!

नाही खोडत?

बरं. राहू दे. पण शेवटी ठेवू नकोस, शेवटचं तेच लोक घरी नेतात. मध्ये घाल, यादीच्या आधी — यादी आली कुठून ते कळेल, वजन वाढेल. आणि माझं नाव घेतल्यावर तिथे थांबायचं नाही. अजिबात नाही. थांबलीस की लोकांचं लक्ष माझ्याकडे वळेल, त्याला श्वास घ्यायला फावेल. एका दमात पुढे जायचं, सरळ त्याच्या सहीपर्यंत. तिथे थांब. तिथे दहा मोज.

मी? मी येणार नाही. ऊठ, कागद घे आणि चालती हो.