बागेत नेलेलं यंत्र

छातीच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या नवराबायकोचं बोलणं आपसूक पडत होतं. नवरा खोकत होता आणि बायको त्याची हजेरी घेत होती.

“अहो, चौकातलं हवा मोजायचं यंत्र बागेत कुणी नेलं?”

“मीच. आमच्या पालिकेतल्या साहेबांनी सांगितलं. चौकात रोज आकडा लाल यायचा, लोक बोंबलायचे.”

“आणि आता?”

“आता हिरवा! माळी रोज यंत्राभोवती पाणी मारतो, धूळ उडतच नाही.”

“वा! अक्कल नुसती उतू चाललीय. आणि चौकातला धूर?”

“तो आहे तिथेच.”

“आपलं घर कुठे आहे?”

“चौकात.”

“मग खोकता कशाला? आकडा हिरवा आहे ना!”

“अगं, हळू. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. त्यांच्याही छातीत तोच धूर आहे.”

शिंपीणबाईंनी तोंडावर रुमाल धरून खोकला दाबला.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. “काका, चला. या नळीत जोरात फुंकायचं. फुप्फुसात किती दम उरलाय, तो आकडा यंत्रावर दिसेल.”

नवरा उठू लागला, तसा बायकोने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“तुम्ही बसा हो. फुंकायला माळ्याला बोलवू.”