माया सिस्टरांनी परत नेलेली लस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सोपानराव, व्यासपीठावरील मान्यवर, भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून सकाळची एसटी पकडून आलेल्या आशाताई आणि अंगणवाडीताई, मागे उभे असलेले ग्रामस्थ, आणि चौतीस वर्षं परिचारिका म्हणून राबून आज निवृत्त होणाऱ्या, आत्ताही ‘आटपा लवकर’ अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या सत्कारमूर्ती माया ओव्हाळ सिस्टर, आपणा सर्वांना डॉक्टर अजितचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक सोमनाथ यांनी घड्याळही दाखवून ठेवलंय. थोडं इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या, कारण जे सांगायचं आहे ते मी बारा वर्षं टाळत आलोय.

बारा वर्षांपूर्वी मी आपल्या केंद्रात नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो. डिग्री कोरी करकरीत आणि डोक्यात हवा. पहिल्याच सकाळी बघतो तर सिस्टर एक आइसपॅक कानाशी धरून हलवतायत. मी म्हटलं, “सिस्टर, कुणाचा फोन?” त्या म्हणाल्या, “पाण्याचा. अजून उचलत न्हाई.”

मंडळी, लसीच्या डब्यात भरायचे आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नसतात. बाहेर ठेवायचे, आतला बर्फ जरा सुटू द्यायचा, हलवल्यावर पाणी वाजलं की मग भरायचे. नाहीतर लस गोठते. गोठलेली लस टोचता येते, पण तिचा उपयोग होईल याची खात्री उरत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. सिस्टर मात्र ते रोज करत होत्या, कुणी बघत असो वा नसो.

एका गुरुवारी वेल्ह्याकडच्या वरच्या वाडीला लसीकरण होतं. गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सिस्टर आत एका बाईच्या बाळंतपणात अडकलेल्या. म्हटलं, डबा भरायला काय लागतं? मी फ्रीझर उघडला, आइसपॅक काढले आणि भरले. कानाशी वगैरे काही धरलं नाही. बाळंतपण उरकून सिस्टर घाईनं गाडीत बसल्या आणि आम्ही निघालो.

शाळेच्या ओट्यावर नऊ बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. भातलावणी टाकून, दोन तास चालून आलेल्या. सिस्टरांनी बाटली उजेडात धरली, हलवली, पुन्हा बघितली. आत बारीक कण तळाला बसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी हळूच काय म्हणालो ते आज या माईकवर सांगतो. म्हणालो, “टोचून टाका. कुणाला कळणार आहे? परत पाठवलं तर या बाया पुन्हा येणार नाहीत.”

सिस्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “डॉक्टर, कार्डावर सही माझी असती. लेकरू मोठं होईस्तोवर घरचे त्या सहीवर निर्धास्त राहत्यात.” मग त्या उठल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, “बायांनो, लस गोठलीया. आज टोचायची न्हाई. चूक आमच्या केंद्राची हाय. उद्या मी तुमच्या दारात येते.” केंद्राची म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

नात कडेवर घेतलेल्या धोंडाबाई ताडकन उठल्या. “लावणी टाकून आले म्या. आता न्हाई टोचायची माझ्या नातीला, कंदीच न्हाई.” आणि वाटेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आठ लेकरांना त्यांच्या दारात लस मिळाली. नववं दार बंद. सिस्टर पुढच्या गुरुवारी पुन्हा चढल्या. त्याच्या पुढच्याही. चार वेळा दार बंदच होतं. पाचव्या खेपेला डबा घेऊन मी सोबत गेलो. अर्ध्या वाटेत माझा दम गेला, पन्नाशीला टेकलेल्या सिस्टर पुढेच.

त्या दिवशी धोंडाबाई नातीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, “लई इचार केला. त्या दिशी टोचली असती तर मला कुठं कळणार व्हतं? तुमी आपणहून सांगितलं. घ्या, टोचा.”

मी डबा उघडून दिला. खरं सांगतो, सिस्टरांकडे बघायला छाती होईना. आरोग्यव्यवस्था बळकट करा, दर्जा वाढवा, असं आता बैठकांमधून मीही बोलतो. इमारती हव्यात, फ्रीज हवेत, माणसं तर हवीतच. पण दर्जा म्हणजे काय असं कुणी विचारलं, की मला तो ओटा आठवतो आणि माझी मान खाली जाते. एवढं मोठं माणूस माझ्या शेजारच्या खोलीत रोज बसत होतं, आणि मी ‘कुणाचा फोन?’ म्हणून त्याची थट्टा केली होती.

संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. सिस्टर, उत्रोलीच्या घरी आता निवांत राहा, राहवलं तर.

बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणून वक्त्यानं खाली बसायचं असतं. मला तसं बसता येत नाही. तिसऱ्या रांगेत धोंडाबाई बसल्या आहेत, शेजारी त्यांची नात शेफाली. लस कुणी बिघडवली, हे त्या अजून विचारतात, आणि सिस्टर अजून ‘जाऊ द्या, केंद्राचंच चुकलं’ म्हणतात.

धोंडाबाई, तो डबा मी भरला होता. मला माफ करा.