दुसरं टोक

मुलाखतीच्या खोलीबाहेर, बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याची मुलगी बाहेर आली.

"मिळाली का गं भाषांतराची नोकरी?"

"थांबा ना बाबा, आत्ता सांगतील. एक जुना इंग्रजी वाक्प्रचार विचारला. टेंटरहुक्सवर असणं."

"म्हणजे काय?"

"जीव टांगणीला लागणं."

"माझा सकाळपासून लागलाय तसा?"

"तसाच. मग साहेबांनी विचारलं, हा आला कुठून? आणि स्वतःच म्हणाले, खाटकाच्या आकड्यांवरून."

"बरं, मग?"

"मी म्हटलं, नाही साहेब."

"अगं कार्टे! नोकरी देणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणालीस?"

"म्हटलं, धुतलेलं लोकरीचं कापड आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणतात. तिच्या आकड्यांना टेंटरहुक म्हणत. वाळेपर्यंत कापडाची सुटका नाही, तशी माणसाचीही नाही."

"हे तर आपल्या अंगणातलं काम!"

"साहेब म्हणाले, कुठल्या पुस्तकात वाचलंत? मी ओरखडलेले हात दाखवले. म्हटलं, एक टोक बाबा ओढतात, दुसरं सातव्या वर्षापासून मी."

"आणि ते?"

"त्यांनी जाडजूड शब्दकोश मागवला. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं."

इतक्यात शिपाई आला.

"ताई, हे तुमचं नेमणुकीचं पत्र. आणि साहेब विचारतायत, ती चौकट बघायला कधी येऊ?"

म्हातारा उठून उभा राहिला.

"उद्या सकाळी या म्हणावं. पण नुसतं बघायचं नाही, कापड ओढू लागायचं!"