ओढून घेतलेले पाय

गडहिंग्लजच्या यष्टीसाठी शार्दूल रांगेत उभा होता. पुढं एक सासू-सून होत्या. थिएटरात त्याच्याच रांगेत बसलेल्या. सिनेमा बघून डोळे त्यानंही पुसले होते.

“आत्ती, त्या खुन्यानं शेवटी तुळशीची माळ घातली, तवा तुमी का रडलासा?”

“आपल्या गल्लीतल्या केरबानंबी घातलीया की. तुरुंगातनं सुटल्यापास्नं गाव पाया पडतंय त्याच्या.”

“पडू दे. त्यानं माज्या नवऱ्याला मारलंय, मी न्हाय इसरणार.”

“परवा तू रानात गेलतीस, तवा आलता. उंबऱ्याभाईर वाकला.”

“मग?”

“माळकरी वाकला की आपुनबी वाकायचं असतंय. मी पाय वडून घेतलं.”

“बरं केलासा.”

“व्हय. पर पिच्चरमधली म्हातारी वाकली गं. ल्योक तर तिचाबी गेलता.”